माझे घोंगे आधीच मेले होते

अन्याय सेवंताबाईंवर झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या पटांगणात, झेंड्याच्या ओट्यापाशी. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण तेव्हा मी मान खाली घालून हातातल्या मोबाइलकडे बघत होते. अन्याय करणाऱ्यांत सरपंचबाईंचे यजमान होते, सह्या आणि अंगठे मिळून बरंचसं गाव होतं, माझे बाबा होते, आणि मी होते. मी तेव्हा सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. पत्रकं लिहायला मी नंतर गोंदियात शिकले. तिथे पहिला नियम हाच, की पहिल्या ओळीत सांगून टाकायचं: कोणावर, कधी, कुठे. 'काही समाजकंटकांनी' असं कोणी लिहून आणलं की आमच्या गटाच्या ताई तो कागद समोरच फाडायच्या. दुसऱ्यांच्या तलावांची, दुसऱ्यांच्या गावांची पुष्कळ पत्रकं लिहिली मी. हे एक राहून गेलं. राहून गेलं म्हणजे ठेवून दिलं.

आमचं घर कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आत जाणाऱ्या रस्त्याला लागून. पुढची खोली म्हणजे बाबांचं कृषी केंद्र, मधली खोली आमची, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे परसात विहीर. पुढच्या आणि मधल्या खोलीत दार नव्हतं, पडदा होता. त्यामुळे दुकानातलं बोलणं आणि दुकानातला वास दोन्ही घरात मुक्कामाला असत. धानाच्या हंगामात त्या बाटल्यांचा उग्र, गोडसर वास आईच्या वरणालाही लागतो असं मला वाटायचं. आई म्हणायची, 'तुह्या नाकात बसला आहे तो, वरणात नाही.' सकाळी शटर वर जाण्याचा खडखडाट, मागे कुकरची शिट्टी, मग दहाच्या सुमारास लाइन गेली की पंखे थांबत आणि एकदम सगळं शांत होई. त्या शांततेत बाबांचा आवाज यायचा, गिऱ्हाइकाला समजावणारा: 'एका पंपाले एकच झाकण, भाऊ. दोन टाकले म्हणून दुप्पट मरत नाही.' बाबा मोजूनमापून देणारे होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांना वाईट माणूस म्हणून लिहिलं असतं तर हे प्रकरण लवकर संपलं असतं.

काचेची पेटी घरात आली ती दुकानासाठी. आमच्या मामांनी कुठेतरी पाहिलं होतं की ईशान्येला मासे ठेवले की गिऱ्हाईक वाढतं. बाबांनी गोंदियाहून टँक आणला, बसमध्ये मांडीवर धरून. चार सोनेरी मासे, निळे खडे, बुडबुडे सोडणारी छोटी मोटार. महिनाभर गिऱ्हाईक येऊन 'हे खाचे आहे का जी?' विचारत होतं. मग उन्हाळ्यात दोन दिवस लाइन आली नाही, मोटार बंद पडली आणि चारही मासे एका दुपारी वर आले. बाबांनी टँक पडद्याच्या आत, आमच्या खोलीत ढकलला. पाणी तसंच. काचेवर हिरवी साय धरली. आई म्हणाली ओतून टाक, मी म्हटलं राहू दे. का म्हटलं ते आठवत नाही.

सेवंताबाई एक दिवसाआड सकाळी यायच्या. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरच्या, पन्नाशीच्या आत-बाहेर, काटक, डोक्यावर टोपली आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. आमच्याकडे मासे चालत नव्हते, पण त्या आमच्या पायरीवर बसल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. हंगामात उकडलेले शिंगाडे आणायच्या, कधी कमळाचे देठ. आई त्यांना चहा द्यायची आणि मग दोघींचं चालायचं. गावचा तलाव आमच्या घरून दिसत नाही, पण त्या तलावात आज काय चाललं आहे हे आम्हांला सेवंताबाईंमुळे रोज कळायचं: पाणी किती उतरलं, कमळ कोणत्या बाजूला सरकलं, कोणाची म्हैस गाळात फसली. गावात डोंगा, म्हणजे लाकडी होडी, त्यांचा एकटीचा. नवरा गेल्यापासून जाळं त्याच टाकायच्या, शिंगाड्याचे वेल त्याच लावायच्या. मासे मेल्याचं ऐकून त्या पडद्याआड डोकावल्या आणि हसल्या.

'का वो बाई, इकत आणून पाण्यात ठेवाचे, खाचे नाही, कापाचे नाही, नुसते पाहाचे! अन् तेबी मारले?'

'लाइन गेली होती ना,' मी म्हटलं.

'लाइनीवर जगते का मासा? आमचे तं अजून नाही गेले लाइन गेली म्हणून.'

तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीतून पाणवनस्पतींचा एक ओला झुबका काढून टँकमध्ये टाकला. 'हे पाय. हे मरत नाही. याले मोटार नाही लागत.' त्या पानांखाली साबुदाण्याच्या खिरीसारखा एक पारदर्शक थेंब चिकटला होता, त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आठवड्याने काचेवर ठिपके चालायला लागले.

पुस्तकात त्यांना गोगलगायी म्हणतात. आमच्याकडे घोंगे. तलावातले मोठे घोंगे ढिवरांच्या घरी शिजतात. हे तसे नव्हते. हे चपटे, शर्टाच्या बटणासारखे गुंडाळलेले, तपकिरी, मोठ्यात मोठा माझ्या करंगळीच्या नखाएवढा. पहिल्यांदा मला ते किळसवाणे वाटले. मग एका दुपारी लाइन नसताना गणिताच्या वहीने वारा घेत मी काचेसमोर बसले आणि एक घोंगा सायीवरून जाताना पाहिला. त्याचं तोंड काचेच्या आतून दिसायचं, उघडायचं, मिटायचं, प्रत्येक वेळी सायीवरून एक चाटा. तो गेला तिथे एक स्वच्छ, नागमोडी वाट उरली. संध्याकाळपर्यंत अर्धी काच पुसल्यासारखी झाली. कधी एखादा वर येऊन हवा घ्यायचा आणि मग पकड सोडून अलगद तळाशी पडायचा. मला त्यांच्यात काय दिसलं हे आज विचारलं तर सांगता येणार नाही. एवढंच की घरात, शाळेत, क्लासमध्ये सगळे मला काही ना काही हो म्हणत होते, डॉक्टर हो, नर्स हो, निदान पास हो. आणि हे काहीच म्हणत नव्हते.

त्यांचं करणं फार नव्हतं, पण होतं. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असतं, म्हणून ते बादलीत दोन दिवस उघडं ठेवायचं आणि मग घालायचं. दुधीच्या सालीचा, पालकाच्या देठाचा उकडलेला तुकडा टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी उरलेला काढायचा, नाहीतर पाणी नासतं. एकदा त्यांच्या पाठीवर पांढरे खड्डे पडायला लागले. सेवंताबाईंनी पाहिलं आणि तलावातल्या रिकाम्या शिंपल्या आणून दिल्या. 'ह्या टाकून ठेव. चुना उतरते पाण्यात. घर बांधाले चुना पाहिजेच ना त्याईले.' महिन्याभरात नवीन वाढलेली कड गुळगुळीत झाली.

पुढच्या उन्हाळ्यात मी मामांकडे गेले असताना आईने माझ्या मागे टँकचं पाणी भरलं. प्रेमाने भरलं. आमच्याकडे प्यायचं पाणी तांब्याच्या गुंडात रात्रभर ठेवायची पद्धत आहे, ते आरोग्याला चांगलं म्हणून. आईने तेच चांगलं पाणी तीन दिवस टँकमध्ये ओतलं. मी परत आले तेव्हा तळाशी बटणांचा ढीग होता. पानांच्या आड मूठभर राहिले होते. गोंदियाला क्लासच्या निमित्ताने गेले तेव्हा मासेवाल्या दुकानदाराला विचारलं. तो आधी हसला. 'अरे बेटा, स्नेल तो लोग भगाने आते हैं, तुम पाल रही हो?' मग त्याने निळ्या पाण्याची एक बाटली दाखवली. 'ये देखो. इसमें तांबा है. नाप के डालो तो मछली को कुछ नहीं, स्नेल खतम. और नाप छूट गया, तो मछली भी गई.' हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. उरलेल्या मूठभरांचे पावसाळ्यापर्यंत पुन्हा शेकड्याने झाले.

त्या वर्षी पाऊस नीट आलाच नाही. पोळा आठवड्यावर आला तरी तलाव अर्धा. उथळ पाण्यात हिरवं वाढलं होतं, आणि जो पाण्यात उतरे त्याचे पाय खाजत. पोळ्याला बैल धुवायला सगळं गाव तलावावरच जातं, बैलांच्या अंगालाही पुरळ येऊ लागलं होतं. पोळ्याच्या तीन दिवस आधी दुपारी सरपंचबाईंचे यजमान दुकानात येऊन पंख्याखाली बसले. निवडून आल्या होत्या त्या, पण 'सरपंच साहेब' यांनाच म्हणायचे. मी पडद्याआड टँकपाशी होते. शब्द न शब्द ऐकला.

'घोंग्यानं खाज येते म्हणते डॉक्टर ढोराचा. घोंगे मारा म्हणते. काय असते का गा तुमच्याकडे?'

'मोरचूद असते,' बाबा म्हणाले. तांब्याचे निळे खडे, त्या मासेवाल्याच्या बाटलीत होतं तेच. 'पण साहेब, ते जपून टाका लागते. तलाव केवढा?' मग कागदावर पेन चालल्याचा आवाज. बाबांनी तलावाचं माप दप्तरातलं धरलं, भरलेल्या तलावाचं. मोजून देणारा माणूस तिथे चुकला. 'अन् एका जागी नका टाकू. फडक्यात बांधून डोंग्यामागं ओढत न्या, साऱ्या पाण्यात फिरवा.'

'डोंगा आहे तो सेवंताचा. तो तलावाच्या पाळीवर उलटा पडला आहे, डांबर लावून राहिली ते. अन् तिले सांगाचं म्हणजे? घोंगे मारतो म्हटलं तं गाव डोक्यावर घेईन. आधीच ठेक्यावरून भांडून राहिली.'

तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं आणि सेवंताबाई ग्रामसभेत उभ्या राहून बोलल्या होत्या. ते भांडण.

'मंग राहू द्या,' बाबा म्हणाले.

'तुमी द्या तं. आमी पाहून घेतो.'

बाबांची खुर्ची सरकली. मग गोदामाची कडी वाजली. पिशव्या गेल्या. त्याच संध्याकाळी साहेबांच्या माणसांनी त्या घाटाच्या पायऱ्यांवरून सरळ पाण्यात रिकाम्या केल्या, हे मला पुढे कळलं. डोंगा मागावा लागू नये म्हणून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सेवंताबाई आल्या त्या चहा न घेता. टोपलीत मेलेले घोंगे होते, मोठे, झाकणं उघडी, मांस लोंबतं. 'घाटाजवळचे सारे गेले. पल्याड जित्ते आहेत. तुह्या पेटीतले कसे आहेत, पाहू दे.' माझे मजेत काच चाटत होते. त्यांनी कमरेचा लोटा काढला. त्यात घाटाचं पाणी भरून आणलं होतं. आईची लोणच्याची एक रिकामी बरणी घेऊन त्यात ते ओतलं आणि म्हणाल्या, 'टाक पाच.' मी टाकले. आम्ही दोघी पायरीवर बसलो. पहिल्यांदा ते काचेवर चढून पाण्याच्या बाहेर निघू बघायला लागले. मग एकेक आत ओढला गेला. मग एकेक सुटून खाली पडला आणि पालथा न होता तसाच राहिला. वरणाला फोडणी बसायच्या आत संपलं.

'तुह्या बापाच्या दुकानात असते का असं औषध?' त्यांनी विचारलं.

'असते.'

'हूं.' त्यांनी बरणी कुंपणापाशी उलटी केली, पाच घोंगे पाल्याने उचलून बाजूला ठेवले, बरणी राखेने तीनदा घासून आईला परत दिली. 'याच्यात आता लोणचं नको घालू वो बाई.' आणि मला: 'तू पाहिलं ना? ध्यानात ठेव.'

पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला नेले तेव्हा घाटाजवळ मासे तरंगत होते. चार-सहा बैलांनी ते पाणी प्यालं आणि तोरणाखाली उभं राहण्याऐवजी बसून घेतलं. आखरावर, जिथे पोळा भरतो, झडत्यांची गाणी रंगलीच नाहीत. लोक बैलांपेक्षा एकमेकांच्या कानाशी जास्त होते. संध्याकाळपर्यंत गावाचं ठरलं होतं. पहाटे सेवंता डोंग्यात दिसली. ढिवरांना गेळाची फळं टाकून मासे गुंगवायची विद्या असते. ठेक्याचा राग. झालं. त्या पहाटे डोंगा पहिल्यांदा पाण्यात उतरला होता, शिंगाड्याचे वेल वाचले का ते बघायला. हे कोणी विचारलं नाही. आमच्या घरी लाखोरीच्या डाळीचे वडे झाले, पुरण झालं. बाबा वडा मोडत राहिले. आईने त्यांना तूप वाढलं, आणि परत वाढलं, पहिलं तसंच असताना.

पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे नारबोद निघते. बांबू-कागदाची एक बाई करतात, गावातली सगळी पीडा तिच्यावर घालतात आणि वेशीबाहेर नेऊन जाळतात. 'खोकला-खासी घेऊन जाय गे नारबोद', 'ढेकूण-मच्छर घेऊन जाय गे नारबोद'. मीही लहानपणी ओरडत गेले आहे, मजा असते. त्या दिवशी मी परसात दात घासत होते. मिरवणूक आमच्या गल्लीत आली आणि कोणीतरी मोठ्या माणसाने, मुलाने नाही, आवाज टाकला: 'सेवंता ढिवरीण घेऊन जाय गे नारबोद!' लोक हसले. मग सगळे म्हणाले. दुसऱ्यांदा मुलांनीही म्हटलं. मी चूळ भरली. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला हवं, पण वाटलं काहीच नाही, पाणी गार होतं एवढं आठवतं.

नारबोद जाळून लोक तसेच पंचायतीत आले. सेवंताबाईंना बोलावणं गेलं होतं. त्या एकट्या उभ्या होत्या, टोपलीशिवाय, त्यामुळे उंच दिसत होत्या. एका बाजूला पुरुष, मागे बायका, आईने माझा दंड धरलेला. बाबा पुढच्या रांगेत.

'कायले केलं असं?' साहेबांनी विचारलं.

'मी केलं असतं तं मासे उचलून बजारात नेले असते,' सेवंताबाई म्हणाल्या. 'मारून सोडून देन का? येडी आहो का मी?'

थोडे लोक हसले. तेवढ्यापुरतं मला वाटलं, सुटल्या.

'पहाटे डोंग्यात काऊन होती मंग?'

'होती. पण पाणी त्याच्या आधीच नासलं होतं. माहा डोंगा कालपर्यंत उलटा होता पाळीवर. तुमालेबी माहीत आहे, साहेब.' साहेब दुसरीकडे बघत होते. 'परवा सकाळी मी घाटाचं पाणी नेलं अन् या पोरीच्या घोंग्यावर टाकून पाहिलं. पाच टाकले, पाची मेले. डोंगा उलटा असतानी. इचारा तिले. लिहा-वाचाले येते तिले, खोटं नाही बोलणार.'

सगळे वळले. आईची बोटं दंडात रुतली. बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मी म्हणायला हवं होतं: हो, पाचही मेले. एवढंच. मोरचुदाचं नंतर कोणीतरी काढलंच असतं, दुकानाचा परवाना गेला असता, बाबांच्या हातात गावाने बेड्या पाहिल्या असत्या, माझं कॉलेज राहिलं असतं. हे सगळं मी त्या वेळी विचारात घेतलं असं नाही. विचार नव्हताच. मोबाइलवर अकरा दहा झाले होते.

'माझे घोंगे आधीच मेले होते,' मी म्हटलं. 'आजारी होते. त्या पाण्यानं नाही मेले.'

सेवंताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. तलावात एखादी जागा खोल आहे की उथळ हे जोखावं तसं. मग म्हणाल्या, 'बरं.' त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत, आणि न बोलणं हाच कबुलीजबाब धरला गेला. ठराव लिहिला: सेवंताबाईंनी गावच्या तलावात डोंगा, जाळं किंवा वेल यांपैकी काहीही यापुढे घालू नये. त्यात माझंही वाक्य आहे. 'गावातील शिक्षित मुलीने सांगितल्याप्रमाणे.' बाबांनी सही केली. मोरचूद टाकणाऱ्यांनी केली. दिवाळीपर्यंत तलाव ठेकेदाराला गेला.

घरी आल्यावर आईने ताट वाढलं. कालचे वडे तव्यावर गरम केलेले, वर जवसाची चटणी. मी जेवले. पोटभर जेवले. बाबांनी दुकान उघडलं नव्हतं. ते पडद्यापाशी उभे राहून म्हणाले, 'टँकवर चादर टाकून ठेव. पोट्टे येतीन पाहाले.' आधीच मेले होते म्हटल्यावर मेलेले असायला हवे होते. गावातली मुलं काच बघायला नेहमीच यायची. काचेवर शेकड्याने चालत होते.

मी चादर टाकली नाही. गोदामात गेले, फाटक्या पिशवीच्या कोपऱ्यातून चिमूटभर निळे खडे घेतले, वाटीत विरघळवले आणि टँकमध्ये ओतले. रंग सुंदर दिसतो तो, पसरताना. मग मी खुर्ची ओढून समोर बसले. पहिले ते वर चढले, पाण्याच्या रेषेच्या बाहेर, एकमेकांच्या पाठीवर, काचेच्या काठापर्यंत. एक बाहेरून खाली येऊन टेबलावर पडला. मी तो उचलून परत आत टाकला. हे मी केलं. नंतर ते पडायला लागले, बारीक पावसासारखा आवाज नव्हता, आवाज अजिबात नव्हता. रडू आलं नाही. पेपर सोडवताना जसं शेवटचं उत्तर लिहून पेन खाली ठेवतो तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन मुलं आली, बघून गेली, 'हो रे, मेले सारे.' पुढे कित्येक वर्षं मला त्या पलीकडे काही वाटलं नाही. कॉलेजला गेले, गोंदियाला राहिले, तलाव वाचवणाऱ्यांच्या गटात शिरले, मोर्च्यात ओरडले, लोक म्हणत ही पोरगी पेटलेली आहे. पेटलेलं काही नव्हतं. मला फक्त दुसऱ्याच्या अन्यायाची भाषा चांगली येत होती.

गेल्या उन्हाळ्यात मी इटियाडोह धरणाच्या खालच्या अंगाला, सेवंताबाईंच्या मुलीच्या गावी गेले. त्या ओसरीत सुकट निवडत होत्या. केस सगळे पांढरे झालेले, खर्रा तसाच. मला ओळखलं. मी बसून सगळं सांगितलं, पडद्याआड काय ऐकलं ते, पिशव्यांचं, वाटीतल्या खड्यांचं. त्यांचे हात थांबले नाहीत.

'झालं सांगून?'

'हो.'

'मले कायले सांगून राहिली? मले तं त्याच दिवशी माहीत होतं. ज्याईले नाही माहीत, त्याईले सांग.'

मी माफीचं काही बोलायला लागले.

'माफी-बिफी राहू दे वो. तो कागद आहे ना पंचायतीत, त्यात मी इख टाकणारी आहो. इथल्या मासेमारी सोसायटीत नाव घाला म्हटलं, तं ते म्हणतेत आधी तिकडचा कागद साफ करून आण. पाणी समोर दिसते अन् पाय घालता येत नाही. चहा घेशील?'

मी पंचायतीत अर्ज दिला. उत्तर आलं, विषय जुना आहे; ठराव बदलायचा तर गावच्या मतदाराने तो ग्रामसभेत मांडावा, तुमचं नाव आता गावच्या यादीत नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही मांडा. ते दुकानात बसले होते, पूर्वीपेक्षा वाकून. म्हणाले, 'या वयात मले उभं नको करू.' हे प्रकरण मात्र मी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं. शेवटी म्हणाले, 'तलाव अर्धा होता, तेवढं लिहिलं ना?' लिहिलं आहे, बाबा.

आता तुम्ही. आमच्या गावचे असाल तर गावाचं नाव सांगायची गरज नाही, त्या पटांगणात तुम्ही किंवा तुमचे आईवडील होते. येत्या ग्रामसभेला जा. ठरावांची जुनी वही मागा. तो ठराव मोठ्याने वाचायला लावा, सगळा, आणि 'शिक्षित मुलीने सांगितल्याप्रमाणे' इथपर्यंत आलं की हात वर करून थांबवा. सांगा, ती मुलगी खोटं बोलली आहे, तिने छापून दिलं आहे, हे पान जोडा. कोणी म्हणेल जाऊ द्या, झालं गेलं. बसू नका. ठराव रद्द झाल्याची ओळ तुमच्यासमोर लिहून सही होईपर्यंत उभे राहा. त्या वहीतून सेवंताबाईंचं नाव खोडा आणि तिथे माझं लिहा.